बिनकामाचा कान

आमच्या फाउंड्रीत मिस्त्रीसमोर "चहा झाला का?" असं जुना माणूस कधी विचारत नसे. नवा विचारायचा आणि सापडायचा.

"चहा होत नाही बे, करा लागते," मिस्त्री हातातला रंधा खाली ठेवून म्हणायचा. "कोणीतरी भांडं ठेवते, पाणी टाकते, पत्ती टाकते. आपोआप झालेला चहा तू पाहिला का कुठं? पाहिला असन तं मलेबी दाखव."

पाऊस झाला म्हणा, तो म्हणायचा, "झाला नाही, पाडला." एखादा सकाळी धापा टाकत आला आणि "लेट हो गया" म्हणाला, तर त्याच्यासाठी हिंदीत तयारच असायचं, "हो गया, कि कर दिया?" तेवढ्यापुरतं मात्र त्याचं बरोबर होतं.

माझी धाकटी मुलगी जन्मली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. सोबत भंडाऱ्याहून आलेला साळा होता. मी म्हटलं, "मिस्त्री, तोंड गोड करा, मुलगी झाली."

"झाली का केली?"

सगळी फाउंड्री हसली. साळा जमिनीकडे पाहू लागला. पण मी मागं हटणाऱ्यातला नाही. म्हटलं, "केली म्हणा! पण कागदावर नक्शा नव्हता."

मिस्त्रीनं पेढा तोंडात टाकला. "नक्शा असतेच," तो म्हणाला. "तुले दाखवत नाही एवढंच."

आमच्या विहाराच्या स्मरणिकेवाल्यांनी मला सांगितलं, बाबा, तुम्ही पाहिलेल्या एखाद्या माणसावर लिहा. त्यांना वाटलं असेल मी कोण्या मोठ्या माणसावर लिहीन. मोठी माणसं मी पाहिली, पण लांबून. मिस्त्रीला मी बत्तीस वर्षं जवळून पाहिलं. मी चौथीपर्यंत शिकलो, आणि जे लिहितो ते माझ्या हातानं लिहितो, कोणाकडून सुधारून घेत नाही. मिस्त्री दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या हिशोबानं म्हणायचं तर गेला नाही, नेला.

तो वर्ध्याकडचा सुतार. आमची फाउंड्री जबलपूरला, कांचघरच्या पलीकडे होती आणि तो तिथं पॅटर्न करायचा. पॅटर्न म्हणजे वस्तूचं लाकडी रूप. ते रेतीत दाबायचं, अलगद काढायचं, आणि जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. थंड झालं की वस्तू तयार. म्हणून पॅटर्नवर जे असेल ते प्रत्येक नगावर उतरणार. पॅटर्नवर माशी चिकटली असती तर आजूबाजूच्या पाटण-मझौलीच्या घराघरात लोखंडाची माशी गेली असती. माझं काम शेवटचं. नगाच्या कडेला राहिलेली धार आणि चिकटलेली रेती ग्राइंडर मशीनवर घासून काढायची. त्यावरून मिस्त्रीनं माझं नाव 'घासू' ठेवलं होतं. माझं खरं नाव त्याला माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

विश्वकर्मा त्याचा देव, पण भक्ती अशी की विश्वकर्मा याचा सख्खा मामा असावा. त्याचं म्हणणं एकदम पक्कं होतं. वर एक पॅटर्नचं दुकान आहे. हत्तीचा पॅटर्न वेगळा, मुंगीचा वेगळा, माणसाचा वेगळा. एकातून दुसरं निघत नाही. ज्याचा पॅटर्न त्याचाच माल.

आणि मामाच्या कामाला नावं ठेवायलाही हा मागं नव्हता. डोळ्याची गोष्ट निघाली की हात जोडायचा. कोपराला शाबासकी द्यायचा. गुडघ्याला मात्र शिव्या. "गुडघा शनिवारी केला असन," असं म्हणत तो स्वतःचा गुडघा चोळायचा. "हप्ता संपून राहिला, घरी जायची घाई. असंच काम होते."

"होते?" मी लगेच विचारायचो.

"करते बे, करते!"

जबलपूरच्या टेकडीत जुन्या काळच्या अवाढव्य जनावरांची हाडं निघाली, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. मी एकदा विचारलं, "मिस्त्री, ते एवढे मोठे जनावर कुठं गेले मग?"

"फेल माल," तो म्हणाला. "साइज चुकली. भट्टीत परत टाकला."

"म्हणजे तुमच्या देवाचाबी माल फेल जाते?"

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी माझ्या मशीनजवळ येऊन म्हणाला, "फेल मालबी कोणीतरी करा लागते," आणि गेला.

आता आम्ही बौद्ध. जग बनवणारा वर कोणी बसला आहे, असं आमच्यात नाही. पण मग बनलं कसं, हे मला कोणी उकलून सांगितलं नव्हतं. एका रविवारी विहारात कॉलेजचे एक सर आले. नागपूरहून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी उत्क्रांती सांगितली. जीव हळूहळू बदलत जातात, लाखो वर्षं लागतात, आणि जुन्याची खूण नव्यात राहून जाते. ते म्हणाले, आपल्याला शेपूट नाही पण पाठीच्या कण्याच्या टोकाला शेपटीचं हाड अजून आहे. मी तिथंच बसल्या बसल्या हात लावून पाहिला. होतं.

सोमवारी सकाळी मी कपडे बदलायच्या आधी मिस्त्रीसमोर उभा. सगळं सांगितलं.

"उत्क्रांती," मिस्त्रीनं तो शब्द खिळ्यासारखा तोंडात धरला. मग भट्टीवाल्याकडे वळला. हा भट्टीवाला इथलाच, हिंदी बोलणारा, पण आमच्यात राहून मराठी सगळं समजायचा. "ए भैया, इसको हिंदी में क्या बोलते?"

"विकास बोलते हैं मिस्त्री जी. विकासवाद. बच्चों की किताब में है."

"विकास!" मिस्त्रीचा चेहरा खुलला. "घासू, परवा आपल्या रस्त्यावर नाली केली, तिथं पाटी लावली का नाही? काय लिहिलं हाय पाटीवर? विकास. अन खाली काय लिहिलं? कोणी केला त्याचं नाव! एवढ्या मोठ्या अक्षरात! बिना नावाचा विकास तू कुठं पाहिला?"

भट्टीवाला हसता हसता खोकायला लागला.

"बरं," मिस्त्री पुढं म्हणाला, "माणूस माकडाचा झाला म्हणते नं तुझे सर? मग मदनमहालच्या पहाडीवरचे माकडं काहून माणसं होऊन नाही राहिले?"

"ते आपले बाप नाहीत. चुलत भाऊ आहेत."

"अच्छा! मग हिस्सा काहून मागून नाही राहिले?"

मी आपल्या मशीनवर गेलो. हरलो म्हणून नाही. मी कुठून धरायचं ते शोधत होतो. आणि दुपारी घासकाम करता करता ते माझ्या हातातच सापडलं.

आमची फाउंड्री कुट्टीची मशीन करायची. ढोरांसाठी कडबा बारीक कापायची मशीन, एका बाजूला मोठं चाक, चाकाला दांडा, हातानं फिरवायची. तिच्या अंगाला डाव्या बाजूला एक कान होता. बोटभर लांब, पुढं आलेला. त्याला भोक नाही, त्यावर काही बसत नाही, त्याला काही जोडत नाही. आणि त्याच्या मागं माझ्या मशीनचा दगड पोचायचा नाही. तिथं हातानं घासावं लागायचं, कानस घेऊन. पूर्ण मशीन घासायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच त्या एका कानामागं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत ती त्या कानापायी.

कानाची तक्रार मी आधीही केली होती. उत्तर ठरलेलं असायचं, "ज्यानं नक्शा काढला त्याले माहीत."

"नक्शा कुठं आहे?"

"मोठ्या सेठच्या कपाटात."

"मोठे सेठ मेले. कपाट विकलं."

"मग जिथं कपाट गेलं तिथं हाय."

पण त्या दुपारी मी तक्रार केली नाही. चहाच्या वेळी सगळे जमले असताना मी एक मशीन ओढत मधोमध आणली आणि कानावर हात ठेवला. म्हटलं, "मिस्त्री, हे शेपटीचं हाड आहे. कधीतरी याचं काम असन, आता नाही. काम गेलं, कान राहिला. सर म्हणत होते ते हेच."

मिस्त्रीचा चेहरा उतरला नाही, पण चहा पिता पिता थांबला. "नक्शावरची एकबी रेघ बिनकामाची नसते," तो म्हणाला. "एक रेघ बिनकामाची निघाली, तं सगळा नक्शाच खोटा."

"मग लावा शर्त."

लावली. रविवारी दोघांनी पाटणला जायचं. तिथं घरोघरी आमच्याच मशीनी. कानाचं काय काम आहे ते पाहायचं. काम निघालं, तर मी रिटायर होईपर्यंत कानाबद्दल तोंडातून एक शब्द काढायचा नाही. काम नाही निघालं, तर मिस्त्री आपल्या हातानं पॅटर्नचा कान कापणार, आणि भट्टीजवळ उभा राहून सगळ्यांसमोर म्हणणार, "माणूस आपोआप झाला, कोणी केला नाही." हे दुसरं त्यानं स्वतःच घातलं. मी फक्त कान मागितला होता. ते वाक्य बोलताना त्याची जीभ कशी वळेल हे पाहायला पोरं आतापासूनच उतावीळ झाली.

रविवारी आम्ही बसनं पाटणला गेलो. मिस्त्रीनं धुतलेला सदरा घातला होता आणि खिशात घडीची फूटपट्टी. पहिल्याच घरी अंगणात मशीन. त्यानं बाईला विचारलं, "दीदी, इस कान का क्या करते हो?"

"बाल्टी टाँगते हैं, और क्या."

मिस्त्रीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू बालटी त्यानंच पाठवली होती. दुसऱ्या घरी म्हातारा म्हणाला, बछड़ा बांधतो. तिसऱ्या घरी कानावर ओला टॉवेल वाळत होता.

"बघ," मिस्त्री म्हणाला, "तीन घरं, तीन कामं."

"म्हणूनच तं! एक काम असतं तं सगळीकडे तेच दिसलं असतं. देवानं नक्शात टॉवेल काढला होता का?"

"तो दूरचं पाहते," मिस्त्री म्हणाला, आणि चौथ्या घराकडे चालू लागला.

चौथ्या घरच्या माणसानं आम्हाला बाजारामागच्या लोहाराकडे पाठवलं. जुन्या मशीनी तोच दुरुस्त करतो म्हणे. लोहारानं आमचं ऐकलं आणि हसला. "इस कान की कहानी जाननी है? इसकी अम्मा मेरे पास पड़ी है. आओ."

अंगणाच्या कोपऱ्यात भंगाराखाली एक मशीन होती. आमच्या मशीनसारखीच, पण जुनी, आणि आमची नाही. डाव्या बाजूला तोच कान. आणि कानात भोक.

"ये पैर से चलती थी," लोहार म्हणाला. "यहाँ से पैडल की छड़ लटकती थी. फिर हाथ का चक्का आया, पैडल गया."

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, वयाचं भान ठेवलं नाही. "शेपटीचं हाड! मिस्त्री, मी काय म्हणत होतो? शेपटीचं हाड!"

मिस्त्रीचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तो खाली बसला होता, त्या मशीनच्या पायाजवळ. एका पायाला जुनी भेग होती आणि तिच्यावर लोखंडी पट्टी ठोकलेली. तो त्या पट्टीवरून अंगठा फिरवत होता.

"हीच," तो म्हणाला.

"काय हीच?"

"मोठ्या सेठनं बैलगाडीत टाकून आणलं होतं हिले. कोणाची तरी मागून. मले म्हणले, हिच्यासारखा पॅटर्न कर, आठ दिवसांत परत द्यायची हाय."

मला समजायला वेळ लागला. "म्हणजे आपल्या कुट्टीचा पॅटर्न तुम्ही केला?"

"माझा पहिला."

"अन नक्शा?"

"नक्शा नव्हता."

लोहार आपल्या कामाला लागला. मिस्त्री खालीच बसून बोलत राहिला, माझ्याकडे न पाहता. "पायडल तवाच तुटून गेलं होतं. हा कान दिसे, भोक दिसे, पण त्यात काय बसते ते काही समजे ना. सेठले विचारलं असतं तं म्हणले असते, याले काम येत नाही, हाकला. वीस-एकवीस वर्षांचा होतो. नवाच आलो होतो जबलपूरले. कान काढला अन मशीन चालली नाही तं? भ्यालो. भोक बुजवलं, कान राहू देला."

"मग इतके वर्षं ते नक्शा, नक्शा…"

"कोणी विचारलं तं काही तरी सांगा लागते नं."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडे बसला. माझ्या मनात लाडू फुटत होते. इतक्या वर्षांत एवढं मोठं कोणी माझ्या हातात दिलं नव्हतं. नक्शा नाही, नक्शा काढणारा नाही. एका भेदरलेल्या पोरानं दुसऱ्याची नक्कल केली आणि न समजलेलं तसंच पुढं ढकललं. सोमवारी हे सांगितलं असतं, तर मिस्त्रीला फाउंड्रीत पुन्हा कोणाचा चहा सुधारता आला नसता. जबलपूर जवळ आलं तेव्हा तो माझ्याकडे वळला. "उद्या सांगजो जसं आहे तसं. मी म्हणीन जे म्हणायचं ते. शर्त लावली हाय."

सोमवारी भट्टीजवळ सगळे. आमचे मालक, धाकटे सेठसुद्धा आले, हातात मोबाईल धरून. मिस्त्री कालचाच धुतलेला सदरा घालून आला होता. त्याच्या हातात छिन्नी होती. तो मधोमध येऊन उभा राहिला, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

"थांबा मिस्त्री," मी म्हटलं. "आधी मी सांगतो. ज्यानं हा कान केला, तो भेटला."

"कौन भेटला?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"बनवणारा."

भट्टीवाला दोन पावलं पुढं आला.

"तुमको? तुम तो मानते ही नहीं!"

"मानत नाही. पण समोर भेटला तं काय करू? तोंड फिरवू?"

"कैसा है फिर?" हे धाकटे सेठ.

"साधा आहे. हात चांगला आहे. जरासा भित्रा आहे," मी म्हटलं. "कानाचं काम होतं, असं त्याच्यापाशी समजलं. कान राहू देला म्हणते."

मी खोटं बोललो नाही. आयुष्यात बोललो नाही, त्या दिवशीही नाही. एकेक शब्द तपासून पाहा. आणि सोडून दिलं म्हणून कोणी मला मोठ्या मनाचा म्हणू नये. मी पाटणला लोहाराच्या अंगणात जिंकलो होतो. एकच लढाई दोनदा जिंकणं मला आवडत नाही.

मिस्त्रीनं छिन्नी खिशात घातली. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या, "घासूचाचा हार गए!" मी हारलो तर हारलो. शर्तीप्रमाणे कानाबद्दल तोंड बंद केलं आणि कानस उचलली.

त्यानंतर विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी हत्यारांना हळदीकुंकू, काम बंद. मिस्त्री मात्र दुपारभर पॅटर्नच्या खोलीत एकटाच दार लावून बसला होता. त्या पूजेनंतर पहिली मशीन माझ्याकडे आली, तेव्हा कानामागं कानस थोडी कमी फिरली. मला वाटलं आपला हात आज चांगला आहे. पण दुसऱ्या दिवशीही तसंच. डोळ्याला काही दिसत नव्हतं. अंगठ्याला समजत होतं.

पुढच्या पूजेनंतर पुन्हा थोडी कमी. त्याच्या पुढच्या वर्षी कान बोटभरावरून पेरभर झाला. आणि हे कोणाच्या ध्यानात नाही. धाकट्या सेठला विचारलं असतं तर ते म्हणाले असते, कान आधीपासून एवढाच आहे.

मला कानाचं नाव काढायची बंदी होती, म्हणून मी दुसरीकडून गेलो. "मिस्त्री, पॅटर्नचं लाकूड झिजून राहिलं का?"

तो रंधा मारत होता. मान वर केली नाही. "रेती घासते त्याले. लाकूड हाय. झिजते आपोआप."

"आपोआप?"

"हो. आपोआप."

त्या माणसाच्या तोंडून हा शब्द, टिंगलीशिवाय, मी तेवढा एकदाच ऐकला. त्याच्या पाठीमागं बाकावर सँडपेपरची घडी होती. आमच्या पॅटर्नना लाल रंग असायचा. सँडपेपर लाल होता. मी माझ्या मशीनकडे वळलो. शर्त म्हणजे शर्त.

मी रिटायर झालो त्या वर्षी कान हरभऱ्याएवढा होता, मग मसुरीएवढा. शेवटच्या दिवशी चार मशीनी घासल्या. पाचवी आली. मी नेहमीच्या जागी अंगठा फिरवला. खालीवर फिरवला. सपाट. जणू तिथं कधी काही नव्हतंच.

मी मान वर केली. आवाराच्या पलीकडे मिस्त्री माझ्याकडे पाठ करून उभा होता, एका नव्या माणसाला झापत होता. ग्राइंडरच्या घरघरीत कानशीची करकर वेगळी ओळखू येते, आणि आमच्या फाउंड्रीत ती फक्त कानामागं वाजायची. मी कानस घेतली आणि त्या सपाट जागेवर, तिथं कान अजून असावा तसा, मुद्दाम सावकाश घासत बसलो, त्याला ऐकू जावी म्हणून.